पंख्याचा वेग आणि आपले लक्ष

दिल्लीच्या कनॉट प्लेसच्या वर्तुळातून निघून इंडिया गेटच्या दिशेने जाणारा एक प्रशस्त रस्ता आहे. पूर्वी त्याला कर्झन रोड म्हणत. आज तो कस्तुरबा गांधी मार्ग या नावाने ओळखला जातो. राजधानीत कामानिमित्त येणाऱ्या मराठी माणसाला हा रस्ता अपरिचित नाही, कारण २०१३ साली उघडलेले नवे महाराष्ट्र सदन याच मार्गावर उभे आहे. ब्रिटिश कौन्सिल, मॅक्स म्युलर भवन, अमेरिकन सेंटर, भारतीय विद्या भवन या संस्थाही येथेच आहेत, आणि त्यांच्या शेजारी अनेक मजली कचेऱ्यांच्या इमारती आहेत. या रस्त्यावरच्या कोणत्याही इमारतीत आपण शिरलो, तर टेबलाटेबलावर संगणक दिसतील; आणि प्रत्येक संगणकाच्या पेटीतून एक बारीक, अखंड घरघर ऐकू येईल. ती घरघर आतल्या पंख्याची असते. त्या पंख्याचा वेग घरी बनवलेल्या एका साध्या खटक्याने कमीजास्त कसा करता येतो, आणि तो तसा करताना कोणत्या गोष्टीचे भान ठेवले पाहिजे, याविषयी आज थोडे बोलावयाचे आहे.

विषय लहान आहे, परंतु क्षुल्लक नाही. भाषांतर करणारा, अभ्यासिकेत वाचीत बसलेला विद्यार्थी, घरच्या खोलीत बसून आपले भाषण ध्वनिमुद्रित करणारा वक्ता, या सर्वांना शांतता हवी असते. पंख्याची घरघर त्यांना नको असते. उलट, त्याच खोलीच्या खिडकीबाहेर मे महिन्यात जी हवा वाहत असते, तिला दिल्लीकर 'लू' म्हणतात. सफदरजंगच्या वेधशाळेत २९ मे १९४४ रोजी ४७.२ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले होते. बरोबर ऐंशी वर्षांनी, २९ मे २०२४ रोजी, तेथेच पारा ४६.८ अंशांपर्यंत चढला. अशा हवेत यंत्राला पंखा हवाच असतो. माणसाला शांतता हवी आणि यंत्राला वारा हवा, असा हा पेच आहे. तो सोडवावयाचा तर प्रथम हा पंखा नेमके करतो काय, ते समजून घेतले पाहिजे.

संगणकाच्या अंतरंगात कोणतेही चाक फिरत नाही, कोणतेही ओझे उचलले जात नाही. त्याला पुरवलेली वीज बेरजा-वजाबाक्या करते आणि ते काम संपताच तिची जवळजवळ संपूर्ण उष्णता होते. ही अडचण संगणकाइतकीच जुनी आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली जो संगणक चालू झाला आणि ज्याला पुढे १९६२ मध्ये 'टिफ्रॅक' हे नाव मिळाले, त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या. प्रत्येक नळीच्या आत एक तापलेली तार. म्हणजे ते यंत्र ही एक मोठी शेगडीच होती. आज त्याहून कितीतरी अधिक काम नखाएवढ्या सिलिकॉनच्या चकतीवर होते. पण त्या चकतीत साठ-पासष्ट वॅटची, म्हणजे जुन्या काळच्या एका विजेच्या दिव्याइतकी उष्णता निर्माण होत असते. दिव्याची काच हाताला चटका देई हे आपल्याला आठवतच असेल. तेवढीच उष्णता नखाएवढ्या जागेत कोंडली, तर काय होईल याची कल्पना करावी.

म्हणून त्या चकतीवर तांब्याच्या किंवा अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांचा एक ठोकळा घट्ट बसवतात. उष्णता त्या पत्र्यांत पसरते, पत्र्यांवरून हवेत जाते आणि तापलेली हवा पंखा पेटीबाहेर लोटतो. येथे एक गोष्ट स्पष्ट लक्षात ठेवावी. पंखा हवा थंड करीत नाही. तो केवळ हवा बदलतो. उन्हाळ्यात आपण पंख्याखाली बसलो की गार वाटते, ते अंगावरचा घाम वाळतो म्हणून. यंत्राला घाम येत नाही. त्यामुळे पंखा कितीही जोराने फिरला, तरी यंत्राचे तापमान खोलीच्या तापमानाखाली जाऊ शकत नाही. ते नेहमी खोलीपेक्षा काही अंश वरच राहणार. किती अंश वर, एवढेच पंख्याच्या हाती असते.

मग पंख्याचा वेग कमी करण्यात लाभ कोणता? येथे निसर्गाचा एक नियम आपल्या बाजूने उभा राहतो. पंख्याचा वेग निम्मा केला, तर त्याने लोटलेली हवा निम्मी होते. पण त्याला फिरवण्यासाठी लागणारी शक्ती मात्र निम्मी न होता जवळजवळ आठव्या हिश्श्यावर येते. आवाजाचेही तसेच आहे. वेग अर्ध्यावर आला की आवाज सुमारे १५ डेसिबेलनी उतरतो, आणि आपल्या कानाला तो मूळच्या साधारण एक-तृतीयांश भासतो. तात्पर्य, वारा जितका कमी होतो त्याहून आवाज अधिक कमी होतो. ज्या वेळी यंत्राला पुऱ्या वाऱ्याची गरज नसते, त्या वेळी पंखा पूर्ण वेगाने फिरवणे म्हणजे विनाकारण गोंगाट विकत घेणे होय.

वेग कमी करण्याची कल्पना आपल्याला नवी नाही. आपल्या घरोघरच्या छताच्या पंख्याला रेग्युलेटर असतो. जुना रेग्युलेटर म्हणजे काळी, जड पेटी. तिच्यात रोधक तारेचे वेटोळे असे, आणि पंखा हळू फिरत असताना वाचलेली वीज त्या वेटोळ्यात तापून वाया जाई. त्या पेटीला हात लावला तर ती चांगलीच गरम लागे. नव्या रेग्युलेटरात कपॅसिटर असतात, म्हणून ते तापत नाहीत आणि वीजही वाचते. पण छताचा पंखा घरातल्या २३० व्होल्टच्या उलटसुलट वाहणाऱ्या प्रवाहावर चालतो. संगणकाच्या पंख्याची जात वेगळी आहे. तो १२ व्होल्टच्या, एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहावर चालतो. त्यात कार्बनचे ब्रश नसतात. चुंबक कोठे आला आहे हे ओळखणारा एक सूक्ष्म संवेदक वेटोळ्यांतील प्रवाह योग्य क्षणी पालटतो आणि पंखा फिरत राहतो. भिंतीवरचा रेग्युलेटर या पंख्याला कदापि जोडू नये. त्याला हळू करण्याचा सोपा मार्ग म्हणजे त्याचा विद्युद्दाब कमी करणे. दाब उतरला की वेगही साधारण त्याच प्रमाणात उतरतो.

आता हा कमी दाब आणावा कोठून? तो संगणकाच्या पेटीत तयारच असतो. पॉवर सप्लायमधून ज्या तारा बाहेर येतात, त्यांत पिवळ्या तारेवर १२ व्होल्ट असतात, तांबड्या तारेवर ५ व्होल्ट असतात आणि काळी तार ही शून्याची, म्हणजे परतीची असते. गच्चीवर दोन टाक्या आहेत असे समजा. एक बारा फूट उंचीवर, दुसरी पाच फूट उंचीवर, आणि काळी तार म्हणजे अंगणातली जमीन. पंखा ही पाण्यावर फिरणारी चक्की. बारा फुटांवरच्या टाकीचे पाणी तिच्यावर सोडले तर ती वेगाने फिरेल. पाच फुटांवरच्या टाकीचे सोडले तर मंद फिरेल.

हौशी मंडळींचा पहिला खटका याच तत्त्वावर बनतो. तीन पायांचा एक साधा खटका, म्हणजे टॉगल स्विच, घ्यावयाचा. मधल्या पायाला पंख्याची धन तार, एका बाजूच्या पायाला पिवळी तार, दुसऱ्या बाजूच्या पायाला तांबडी. पंख्याची काळी तार पॉवर सप्लायच्या काळ्या तारेला. खटका एकीकडे केला की पंखा पूर्ण वेगाने, दुसरीकडे केला की निम्म्याहूनही काहीशा कमी वेगाने फिरतो. काही जण आणखी एक युक्ती करतात. पंख्याची धन बाजू पिवळ्या तारेला आणि ऋण बाजू काळ्याऐवजी तांबड्या तारेला जोडतात. बारांतून पाच गेले, सात उरले. पंख्याला सात व्होल्ट मिळतात आणि मधला वेग साधतो.

ही जोडणी दिसावयास चतुर असली, तरी तिच्यात तीन खोडी आहेत. आणि त्या जाणून न घेता कोणी हे काम हाती घेऊ नये.

पहिली खोड सात व्होल्टच्या युक्तीत आहे. आपल्या टाक्यांच्या दृष्टांतात, या जोडणीत चक्कीवरून आलेले पाणी जमिनीवर न जाता पाच फुटांवरच्या टाकीत पडते. त्या टाकीचे पाणी खाली इतर नळांना भरपूर लागत असेल, तर काही बिघडत नाही. पण ते नळ बंद असतील, तर टाकीची पातळी चढू लागते. पाच व्होल्टच्या तारेवर पाचाहून अधिक दाब आला, म्हणजे तिच्यावर विसंबून असलेले नाजूक भाग धोक्यात आले. जुन्या संगणकांत पाच व्होल्टवर पुष्कळ भार असे. अलीकडच्या यंत्रांनी बहुतेक भार बारा व्होल्टवर नेला आहे. म्हणून ही युक्ती पूर्वीपेक्षा आज अधिक जोखमीची झाली आहे.

दुसरी खोड खटक्यात आहे. काही जातींचे खटके, विशेषतः गोल फिरवण्याचे, पहिला स्पर्श सोडण्यापूर्वीच दुसरा स्पर्श करतात. त्या निमिषार्धात पिवळी आणि तांबडी तार एकमेकींना भिडतात, आणि बारा व्होल्टचा लोंढा पाच व्होल्टच्या तारेत शिरतो. पहिला स्पर्श सुटल्यावरच दुसरा लागेल, असाच खटका या कामाला चालतो.

तिसरी खोड सर्वांत दगलबाज आहे. फिरत्या पंख्याला फिरत ठेवावयास जेवढा दाब लागतो, त्याहून थांबलेल्या पंख्याला हलवावयास अधिक लागतो. भरलेली बैलगाडी एकदा चालू लागली की बैल तिला सहज ओढतात. पण जागची हलवताना त्यांना खांदा द्यावा लागतो, तसेच हे. बारा व्होल्टवर सुरू होऊन मग पाचावर आणलेला पंखा निमूटपणे फिरत राहतो, आणि मालकाला वाटते की काम झाले. पण खटका पाचावरच राहतो. दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्र चालू केले की पंखा जागचा हलतच नाही. दिल्लीत तर या घोटाळ्याला दोन ऋतू मदत करतात. उन्हाळ्यातील धुळीची आंधी पात्यांवर आणि बेअरिंगमध्ये धूळ बसवते; आणि जानेवारीच्या पहाटे, पारा चार-पाच अंशांवर आलेला असताना, बेअरिंगमधले तेल घट्ट होते. दोन्ही वेळी पंख्याला सुरुवातीचा धक्का अधिक लागतो. अशा वेळी खोलीत जी शांतता पसरते, ती मंद पंख्याची की थांबलेल्या पंख्याची, हे कानाला कळत नाही.

पंखा थांबला किंवा फार मंदावला, तर नुकसान कोणाचे होते? प्रोसेसर स्वतःला सांभाळतो. नव्वद ते शंभर अंशांच्या सुमारास पोहोचला की तो आपले काम मंद करतो, आणि तरीही तापत राहिला तर यंत्र बंद पाडतो. पण पेटीतले सर्व रहिवासी इतके सावध नसतात. ज्या फिरत्या तबकडीवर, म्हणजे हार्ड डिस्कवर, आपले लेखन, हिशेब, छायाचित्रे साठवलेली असतात, तिची मर्यादा सामान्यतः ६० अंशांच्या आसपास असते. पॉवर सप्लायमधील आणि मदरबोर्डवरील विशिष्ट जातीचे कपॅसिटर तर असे की, तापमान दहा अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य साधारण निम्मे होते. हे नुकसान एका दिवसात दिसत नाही. ते वाळवीसारखे आतून चालते, आणि एखाद्या दिवशी चार वर्षांचा प्रबंध उघडावयास जावे, तर तो उघडत नाही. मंद पंख्याच्या शांततेची खरी किंमत येथे मोजावी लागते.

थोडे अंकगणित करून पाहू. समजा, पंखा पूर्ण वेगाने फिरत असताना पेटीतली हवा खोलीपेक्षा ८ अंशांनी अधिक तापते. वेग निम्मा केला, म्हणजे हवा निम्मी झाली. तीच उष्णता निम्म्या हवेला वाहून न्यावी लागते, म्हणून फरक दुप्पट, म्हणजे १६ अंश होईल. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या वातानुकूलित कचेरीत खोलीचे तापमान २४ अंश आहे असे धरा. पूर्ण वेगात पेटीतली हवा ३२ अंश, निम्म्या वेगात ४० अंश. दोन्ही निर्धोक, पंखा खुशाल मंद करावा. आता तीच कचेरी मे महिन्यातल्या शनिवारी पाहा. सुटी म्हणून वातानुकूलन बंद आहे, खिडक्या लावलेल्या आहेत, पण कोपऱ्यातला एक संगणक सर्वांच्या फायली सांभाळीत चालूच आहे. खोली ४२ अंशांवर गेली. पूर्ण वेगात पेटीतली हवा ५० अंश झाली असती. खटका मंदावर ठेवलेला असल्यामुळे ती ५८ अंश होते. तबकडी स्वतःच्या उष्णतेने आणखी काही अंश वर; म्हणजे तिने आपली मर्यादा ओलांडली. खटका तोच, त्याची जागा तीच. शुक्रवारी जो निर्णय शहाणपणाचा होता, तोच शनिवारी अनर्थाचा ठरला. आणि खटक्याला याची काहीच वार्ता नाही.

वीज येण्यापूर्वी आपल्याकडच्या कचेऱ्यांत आणि बंगल्यांत छताला कापडाचे झालरदार पंखे टांगलेले असत. त्यांची दोरी भिंतीतून बाहेर गेलेली असे, आणि व्हरांड्यात बसलेला पंखेवाला ती तासन्‌तास ओढीत असे. त्या बिचाऱ्याचे कष्ट आठवून आज वाईट वाटते. परंतु त्या व्यवस्थेत एक गोष्ट होती: वेग ज्याच्या हाती होता, त्याला उन्हाची धग स्वतःच्या अंगाला लागत होती. ऊन चढले हे त्याला कोणी सांगावे लागत नसे. आपल्या खटक्याला ही जाणीव नसते. आपण अखेरची जी इच्छा व्यक्त केली, तेवढीच त्याला ठाऊक असते. म्हणून चांगला घरगुती खटका तोच, ज्याला आपल्या इच्छेबरोबर उष्णतेचीही थोडी जाणीव दिलेली आहे. आणि ही जाणीव देणे वाटते तितके अवघड नाही.

त्यासाठी जोडणी थोडी बदलावी. तांबड्या तारेला मुळीच हात लावू नये. पाच व्होल्टची वाट सोडून द्यावी. केवळ पिवळी आणि काळी तार घ्यावी. पिवळ्या तारेत प्रथम एक अँपिअरचा फ्यूज बसवावा, कारण संगणकाचा पॉवर सप्लाय बारा व्होल्टवर कित्येक अँपिअर प्रवाह देऊ शकतो आणि दोन तारा चुकून भिडल्या तर आच्छादन जळू लागते. फ्यूजच्या पुढे एक अँपिअर क्षमतेचे सहा साधे सिलिकॉन डायोड एकापुढे एक, माळेसारखे जोडावेत. प्रत्येक डायोडच्या एका टोकाशी पट्टी असते. सर्व पट्ट्या पंख्याच्या दिशेला याव्यात. प्रत्येक डायोड सुमारे ०.७ व्होल्ट गिळतो. सहांनी मिळून ४.२ गिळले, म्हणजे पंख्यापर्यंत ७.८ व्होल्ट पोहोचतात. एवढ्या दाबावर बहुतेक पंखे थांबलेल्या स्थितीतूनही सुरू होतात. डायोडांऐवजी रोधक, म्हणजे रेझिस्टर, वापरूनही दाब कमी करता येतो. पण पंखा सुरू होताना अधिक प्रवाह मागतो, आणि नेमक्या त्याच वेळी रोधक अधिक दाब गिळतो. डायोडाचे गिळणे प्रवाह बदलला तरी फारसे बदलत नाही. म्हणून या कामी डायोड बरा.

आता खटका. तो या माळेच्या दोन टोकांना समांतर जोडावा. येथे तीन पायांची आवश्यकता नाही. दिव्याच्या बटणासारखा दोन पायांचा साधा खटका पुरतो. खटका मिटलेला असला की प्रवाहाला माळ वगळून सरळ वाट मिळते आणि पंखा पूर्ण वेगाने फिरतो. खटका उघडला की प्रवाह माळेतून जातो आणि पंखा मंदावतो. या रचनेचा गुण असा की, खटका पुढेमागे बिघडला, त्याचा स्पर्श सुटला, तरी पंखा थांबत नाही. फक्त मंद होतो. दोन वेगवेगळ्या दाबांच्या तारा एकमेकींना भिडण्याचा प्रश्नही उरत नाही.

शेवटची भर म्हणजे आपल्या घरच्या इस्त्रीतली युक्ती. इस्त्री ठरावीक तापली की आपोआप बंद होते, कारण तिच्यात दोन धातूंची एकावर एक जडवलेली पट्टी असते. उष्णतेने एक धातू अधिक प्रसरण पावतो, दुसरा कमी. त्यामुळे पट्टी वाकते आणि स्पर्श तोडते. याच तत्त्वावरचे बोटाच्या पेराएवढे तापखटके बाजारात मिळतात. त्यांत काही तापल्यावर उघडणारे असतात, काही तापल्यावर मिटणारे. आपल्याला दुसऱ्या जातीचा, ५० अंशांना मिटणारा हवा. तो आपल्या हातखटक्याशी समांतर जोडावा आणि पेटीच्या आत, जेथून तापलेली हवा बाहेर पडते तेथे किंवा तबकडीच्या निकट बसवावा. आता ते अंकगणित पुन्हा पाहा. वातानुकूलित खोलीत पेटीतली हवा ४० अंशांवर राहते. तापखटका उघडाच राहतो आणि पंखा आपल्या इच्छेप्रमाणे मंद फिरतो. शनिवारी खोली तापली, पेटी ५० अंशांवर पोहोचली की तापखटका मिटतो, माळ वगळली जाते आणि पंखा पूर्ण वेगाने धावू लागतो, मग हातखटका कोठेही असो. एखादा डायोड तुटून पंखा थांबलाच, तरी पेटी तापताच हाच खटका त्याला पुन्हा चालू करतो. असा खटका मिटल्यानंतर काही अंश खाली उतरल्यावरच उघडतो. त्यामुळे पंखा क्षणाक्षणाला चालू-मंद होत राहत नाही.

हे सर्व साहित्य दुर्मीळ नाही. दिल्लीत लाल किल्ल्यासमोरच्या लजपतराय मार्केटमध्ये, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत ते मिळते. सांधे नुसते पिळून ठेवू नयेत. डाख द्यावा आणि वर आच्छादनाची नळी चढवावी. तारा पात्यांत अडकणार नाहीत अशा बांधाव्यात. सर्व काम यंत्राची पिन भिंतीतून काढूनच करावे. आणि पॉवर सप्लायची पेटी कधीही उघडू नये. वीज काढून घेतल्यानंतरही तिच्यातील कपॅसिटरमध्ये जिवावर बेतेल इतका विद्युतसंचय काही काळ राहू शकतो. आपले काम त्या पेटीतून बाहेर आलेल्या तारांपुरतेच आहे.

कोणी विचारील की आजचे संगणक पंख्याचा वेग आपोआप सांभाळतात, मग हा खटाटोप कशाला? ते खरे आहे. अलीकडच्या पंख्यांना चार तारा असतात. चौथ्या तारेवरून मदरबोर्ड सेकंदाला सुमारे २५,००० वेळा चालू-बंदची खूण पाठवतो, आणि चालू काळाचे प्रमाण बदलून वेग ठरवतो. अशा पंख्याला आपला खटका जोडू नये. ते काम यंत्रावरच सोपवावे. परंतु नेहरू प्लेससारख्या बाजारातून घेतलेला जुना संगणक एखादा विद्यार्थी वापरीत असतो. त्याच्या पेटीला जोडलेले पंखे बहुधा दोन तारांचे असतात आणि त्यांना वेग सांगणारे कोणी नसते. त्यांच्यासाठी हा उपाय आहे. तीन तारांच्या पंख्याची तिसरी तार प्रत्येक फेऱ्याला दोन स्पंदने पाठवते, आणि त्यावरून संगणक पंख्याचे मिनिटाचे फेरे पडद्यावर दाखवू शकतो. ती तार मदरबोर्डला जोडलेली असू द्यावी, म्हणजे पंखा मंद आहे की थांबला आहे, हे कानावर विसंबून न राहता कळते.

खटका बसवला म्हणजे काम संपले असे नाही. दिवसातल्या सर्वांत उष्ण वेळी, पंखा मंद ठेवून, यंत्राला तासभर पूर्ण काम द्यावे आणि तापमान पाहावे. तबकडी पन्नाशीच्या आत राहिली, तर समाधान मानावे. वर गेली, तर एक डायोड कमी करावा. वर्षातून दोनदा, एकदा आंधीचे दिवस संपल्यावर आणि एकदा थंडीच्या आरंभी, पत्र्यांवरची धूळ काढावी. ती काढताना पाती बोटाने धरून ठेवावीत. वाऱ्याच्या झोताने ती भरधाव फिरली तर बेअरिंगला इजा होते. पुष्कळदा असे आढळते की धूळ काढल्यावर पंखा मंद करूनही यंत्र पूर्वीपेक्षा थंड राहते.

आणि मापकाचीही पारख करावी. २९ मे २०२४ रोजी दिल्लीच्या मुंगेशपूर केंद्राने ५२.९ अंश तापमान दाखवले आणि देशभर खळबळ उडाली. हवामान खात्याने तपासणी केली, तेव्हा तेथील संवेदक सुमारे तीन अंश अधिक दाखवीत असल्याचे आढळले. राजधानीच्या हवामान केंद्रात जे घडू शकते, ते आपल्या पेटीतल्या लहानशा तापखटक्यात का घडणार नाही? तो बसवण्यापूर्वी कोमट पाण्याच्या भांड्याला बाहेरून टेकवून, पाणी हळूहळू तापवीत, थर्मामीटर आणि मल्टिमीटर हाती घेऊन तो खरोखर कोणत्या अंशाला मिटतो ते पाहून घ्यावे. अर्ध्या तासाचे काम आहे. पण ज्या रखवालदारावर आपण विसंबणार, तो जागा आहे की नाही हे आधी पाहणे बरे.

सहा डायोड, एक फ्यूज आणि दोन खटके, एवढाच या उद्योगाचा पसारा. यंत्राचा आवाज कमी करण्याचा अधिकार आपल्याला आहे. पण तो वापरताना, आपण खोलीत नसू त्या वेळी यंत्राकडे कोण पाहील, याची सोय आपणच करून ठेवावयाची असते. तेवढी सोय केली, की मग ग्रंथालयात वाचणाऱ्याने निवांत वाचावे, लिहिणाऱ्याने निवांत लिहावे. पेटीतला पंखा हलक्या पावलाने आपले काम करीत राहील, आणि ज्या दिवशी ऊन चढेल त्या दिवशी कोणाची वाट न पाहता आपला वेग वाढवील.